रिकाम्या हातांचं काय करायचं? करी रोड, शिवडी आणि लक्ष्मीबाईंचे ६४ अध्याय

हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क जात असेल, हेडफोन घरी राहिले असतील, तर वाचा. बोलताना लांबण लागलेलं इथे थोडं आटोपशीर केलंय, बाकी बोली तशीच ठेवलीय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. करी रोडच्या एका चाळीतून. पाठवणारा मुलगा कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागलेला. त्याची परवानगी घेऊन सांगतोय, नाव मात्र सांगत नाही. त्याची आई गेली. घर मराठी ख्रिस्ती. दफन झालं, पाळक आले, प्रार्थना झाली, लोक परत गेले. चार दिवसांनी शेजारच्या काकूंनी अगदी मायेनं विचारलं, "दहावं कुठे करणार रे? काही लागलं तर सांग." हा म्हणाला, "आमच्यात नसतं काकू." काकू जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मग तुमच्यात काय करता?"

"दादा," तो म्हणतो, "मला उत्तरच देता आलं नाही. इतिहासात ह्याचं काही उत्तर आहे का?"

मला तो प्रश्न सोडेना. कारण काकूंनी "तुमचा विश्वास काय" असं विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, करता काय? आपल्याकडे माणूस गेला की बाकीच्यांच्या हाताला काम असतं. तेरा दिवस पुरेल इतकं काम. कोण मडकं धरणार, अस्थी कुठे न्यायच्या, पिंड, कावळा, दहावं, तेरावं, मग महिन्याचं, वर्षाचं, मग दर पितृपक्षात. त्यातलं तुम्हाला पटतं की नाही हा वेगळा मुद्दा. पण हात रिकामे राहत नाहीत. मग ज्या मराठी माणसांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हा धर्म स्वीकारला आणि हे सगळं मागे ठेवलं, त्यांनी आपल्या दुःखाचं काय केलं?

आधी जागा बघू.

करी रोड म्हटलं की आपल्याला काय दिसतं? स्टेशनावरचा पूल, भारतमाता, गणपतीतली गर्दी, गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर. (स्टेशनच्या नावाचा रस्सा-आमटीशी काही संबंध नाही बरं का. करी नावाच्या एका इंग्रज रेल्वे अधिकाऱ्याचं ते नाव.) ख्रिस्ती वस्ती म्हटलं की आपण वांद्रे, माझगाव, फार तर गिरगावची खोताची वाडी सांगतो. गिरणगाव सांगत नाही. पण नगर जिल्ह्यातून दुष्काळाच्या वर्षांत जी माणसं मुंबईला पोट भरायला आली, त्यांत ख्रिस्ती झालेली दलित कुटुंबंही होती. गोव्याची माणसं होती. भायखळ्याला अमेरिकन मराठी मिशनचं मोठं केंद्र होतं. करी रोडहून दादरच्या उलट दिशेला चिंचपोकळी, मग भायखळा. दोन स्टेशनं. ह्या भायखळ्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

आणि पूर्वेला, लालबाग ओलांडून कॉटन ग्रीनच्या पुढे, शिवडी. तिथली ख्रिस्ती दफनभूमी १८६० च्या दशकात झाली, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना. हो, ज्याच्या नावाचं मार्केट तोच. त्याआधी मरीन लाइन्सजवळच्या सोनापूरला पुरत असत. "सोनापूरला गेला" म्हणजे काय, हे जुन्या मुंबईकराला वेगळं सांगावं लागत नसे. ती जागा भरली, शहर वाढलं, आणि मग शिवडीला अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीची जी बाग होती तिथे ही दफनभूमी आली. म्हणजे बागेची जमीन. आजही आत गेलात तर झाडांची सावली भरपूर.

तिथे व्हीटी स्टेशनचा आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स पुरलेला आहे. कवी डॉम मोराएस आहेत. काका बॅप्टिस्टा आहेत, लोकमान्यांचे मित्र, होमरूलवाले, पुढे मुंबईचे महापौर, आणि कामगारांच्या चळवळीतलं मोठं नाव. आणि त्यांच्या आजूबाजूला हजारो अशी माणसं, ज्यांची नावं फक्त त्यांच्या घरच्यांना माहीत. मुंबईत जागा कमी, त्यामुळे बहुतेक कबरी कायमच्या नसतात. काही काळानं कबर पुन्हा उघडतात, अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि त्या जागी दुसरं कोणी येतं. दगड कायमचा मिळतो तो थोड्यांनाच.

आता एक गोष्ट समजून घेऊ, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. "ख्रिस्ती लोक मेलेल्यांसाठी काय करतात" ह्याचं एकच उत्तर नाही. दोन आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

कॅथलिकांचं उत्तर: बरंच काही करता येतं. गेलेला माणूस शुद्धिस्थानात असू शकतो, आणि जिवंतांच्या प्रार्थनेचा त्याला उपयोग होतो. म्हणून सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची मिस्सा, वर्षाची मिस्सा. आणि २ नोव्हेंबर, सगळ्या मृतांचा दिवस. ही प्रथा हजार वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या ओदिलो नावाच्या मठाधिपतीनं आपल्या मठांमध्ये सुरू केली आणि तिथून ती जगभर गेली. त्या दिवशी शिवडीला जाऊन बघा. मेणबत्त्या, झेंडूची फुलं, साफ केलेले दगड, कोनाड्यांसमोर उभी माणसं. आपल्या सर्वपित्री अमावास्येला जे मनात असतं, तेच तिथे दिसतं. असं म्हटलेलं दोन्हीकडच्या पंडितांना आवडणार नाही, पण मला तसंच वाटतं.

प्रोटेस्टंटांचं उत्तर: काही करता येत नाही. माणूस गेला, तो आता देवाच्या हातात. तुमची प्रार्थना त्याची जागा बदलत नाही. प्रार्थना करायची ती मागे राहिलेल्यांसाठी. आणि हे काही सहज आलेलं मत नाही. १५१७ साली मार्टिन लूथर चर्चशी भांडला ते नेमकं कशावरून? मेलेल्या नातेवाइकांची शुद्धिस्थानातून सुटका व्हावी म्हणून लोकांकडून पैसे घेऊन क्षमापत्रं विकली जात होती, त्यावरून. म्हणजे युरोप दुभंगला त्या भांडणाच्या मुळाशी आपल्या काकूंचाच प्रश्न होता. गेलेल्यासाठी जिवंत माणूस काय करू शकतो?

आणि अमेरिकन मराठी मिशन प्रोटेस्टंट होतं. त्यामुळे नगरकडून आलेल्या त्या कुटुंबांना, आणि आपल्या व्हॉइस नोटवाल्या मुलाच्या घरालाही, दुसरं उत्तर मिळालं. दहावं गेलं. मिस्साही नाही. हात रिकामे.

हे जरा बाजूला ठेवून आधी कॅथलिक मुंबईत एक चक्कर मारू. तिथलं चित्र रस्त्यावरच दिसतं.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस नावाच्या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरांनी एक ताप तपासला आणि ओळखलं की हा प्लेग आहे. पुढचं तुम्हाला शाळेत थोडंफार शिकवलेलं असतं. लोक शहर सोडून पळाले, घरं तपासली गेली, आजाऱ्यांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना कॅम्पात नेलं गेलं. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट, करी रोडहून चालत जाण्यासारखी. ती वास्तू त्याआधी गव्हर्नरांची होती, आणि त्याच्याही आधी जेझुइट पाद्र्यांची. जिथे एकेकाळी मिस्सा होत असे, तिथे प्लेगची लस तयार व्हायला लागली. हे असं फक्त मुंबईतच होऊ जाणे.

प्लेगमध्ये शोक करायलाही उसंत नसते. मृतदेह लवकर हलवायचा, गर्दी करायची नाही, घर धुऊन काढायचं, आणि घरातला दुसरा माणूस आजारी आहे का ते बघायचं. त्या वर्षांत मुंबईतल्या कॅथलिक वाड्यांनी, गावठाणांनी आपापल्या नाक्यावर क्रॉस उभारले. काही क्रॉस त्याच्याही आधीचे होते, पण प्लेगच्या आठवणीशी बरेच जोडले गेलेत, आणि अनेकांच्या चौथऱ्यावर त्या वर्षांचे आकडे कोरलेले दिसतात. गिरगाव, माझगाव, दादर, वांद्रे. संध्याकाळी शेजारीपाजारी तिथे जमत, रोजरी म्हणत, लादाईन गात. चर्चपर्यंत जायची गरज नाही, पाद्री हवाच असं नाही. तुमच्या घरात माणूस गेलंय, समोरच्या घरातही गेलंय, आणि दोघं एकाच दगडासमोर उभे आहात. माझ्या मते त्या क्रॉसांचं खरं काम हे होतं. प्लेग अडवायचं काम लसीनं आणि स्वच्छतेनं केलं. रोज संध्याकाळी घराबाहेर पडून दुसऱ्या रडवेल्या माणसाशेजारी उभं राहायला जे कारण लागतं, ते क्रॉसनं दिलं.

धोबी तलावच्या कुडांमध्येही असंच. कूड म्हणजे गोव्याच्या एकेका गावाच्या लोकांची मुंबईतली राहण्याची जागा. बोटीवर काम करणारे खलाशी, आचारी तिथे उतरत. एका खोलीत ओळीनं पेट्या, आणि एका बाजूला वेदी. संध्याकाळी तेर्स म्हणजे रोजरी, आणि तिला हजर राहायचा नियम. बोटीवर माणूस गेला तर त्याचं शरीर गावी पोचेलच असं नसे. तेर्समध्ये नाव घेणं तेवढं हातात होतं.

मध्येच एक आजकालची गोष्ट. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं आदेश काढला की कोविडनं गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कुठलाही असो, दहनच होईल. आदेश त्याच दिवशी बदलला. पण पुढच्या काळात मुंबईतल्या काही ख्रिस्ती कुटुंबांनी आपणहून दहन निवडलं आणि राख नेऊन पुरली. सवयीचा विधी हातातून गेला की माणसं काय करतात, ह्याचं ताजं उदाहरण म्हणून सांगितलं. १८९६ फार लांब नाही.

आता रिकाम्या हातांकडे येऊ. म्हणजे मराठी प्रोटेस्टंटांकडे.

इथे पहिलं नाव पंडिता रमाबाईंचं. त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची नुसती यादी वाचली तरी दम लागतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत हिंडणारं. व्रतं केली, दानं केली, देव काही पावला नाही. मग १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, बिपिन बिहारी मेधावींशी, आणि ४ फेब्रुवारी १८८२ ला ते कॉलऱ्यानं गेले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या, कडेवर मनोरमा, वर्षाचीही नाही.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्या-मुंबईत गदारोळ झाला. आजही कोणी म्हणतं, दुःखातल्या बाईला मिशनऱ्यांनी गाठलं. मला हे म्हणणं अर्धवट वाटतं. दोन कारणं सांगतो.

एक, रमाबाईंना जे दिलासा देणारं वाटलं ते स्वर्गाचं चित्र नव्हतं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीबद्दल त्यांनी १८८७ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात त्या सांगतात की वैधव्य म्हणजे बाईच्या मागच्या जन्मीच्या पापाची शिक्षा मानली जाते. नीट विचार करा. नवरा गेला, आणि वर समाज सांगतो की तुझ्यामुळे गेला. केस काढ, एकवेळ जेव, शुभकार्यात तोंड दाखवू नकोस. अशा बाईला कोणी म्हटलं की हा तुझा गुन्हा नाही, तर ते वाक्य तिच्या डोक्यावरच्या केसांपर्यंत पोचतं. ११ मार्च १८८९ ला त्यांनी गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन काढलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. आणि हे विसरू नका की गोदूबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत.

दुसरं, बाप्तिस्मा घेतला आणि दुःख शांत झालं असं घडलं नाही. रमाबाई वाँटेजच्या सिस्टरांशी, बिशपांशी वर्षानुवर्षं वाद घालत राहिल्या. त्रैक्याच्या सिद्धांतावर, चर्चच्या अधिकारावर, सगळ्यावर. पुढे १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या स्पष्ट म्हणतात की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आणखी आठेक वर्षं गेली. म्हणजे नवरा जाऊन नऊ-दहा वर्षं झाली होती. सांत्वन काही ओटीपीसारखं तीस सेकंदांत येत नाही.

शेवटी मनोरमाही गेली. २४ जुलै १९२१, मिरजेला. आई ६३ वर्षांची. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत. त्यांनी ते काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत त्यांनी देवाकडे मुदत मागितली होती, असं मुक्ती मिशनमध्ये सांगतात. ते खरं-खोटं बाजूला ठेवा. मुलगी गेल्यानंतरच्या आठ-साडेआठ महिन्यांत त्यांचे हात कशात होते, ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि आता लक्ष्मीबाई टिळक. "स्मृतिचित्रे" अनेकांनी शाळेत धड्यापुरतं वाचलं असेल. तुम्हाला आठवत असेल ते विनोदामुळे. सोवळ्यानं वेडावलेले वडील, विसरभोळा, तापट, हातातला पैसा वाटून टाकणारा नवरा. पण ते पुस्तक तयार कसं झालं हे आपण फारसं विचारत नाही.

थोडं मागे जाऊ. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८. नारायण वामन टिळकांशी लग्न झालं तेव्हा अकरा-बारा वर्षांच्या. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता. बातमी घरी पोचली तेव्हा जे झालं ते घरात मृत्यू झाल्यासारखंच. फरक एवढाच की हे सुतक फिटेना. नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, आणि माणूस मात्र गेलेला. पाचेक वर्षं त्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, नाशिकला, पंढरपूरला. त्याच काळात त्यांच्या कवितेला तोंड फुटलं. मग त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या, आधी स्वतःचं सोवळं सांभाळत, मग स्वतःच्या विचारानं ते टाकून देत, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

इथे टिळकांच्या कामाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. त्यांच्या आधी मराठी चर्चमध्ये बरीच गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली. अपवाद होते. नगरचे कृष्णाजी रत्नाजी सांगळे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन करायला लागले होते, टाळ-मृदंग घेऊन. टिळकांनी ती वाट रुंद केली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते म्हणत. "उपासना संगीत" ह्या मराठी चर्चच्या गीतपुस्तकात त्यांची शंभराहून जास्त गीतं आहेत. ह्याचा आपल्या विषयाशी संबंध काय? माणूस दुःखात परक्या चालीत रडू शकत नाही. परळच्या एका खोलीत मयताच्या रात्री जमलेली, नगरहून आलेली दहा माणसं अभंगाच्या वळणाचं काही म्हणतात, तेव्हा आजीला शब्द कळतात. धर्म बदललेला असतो, पण रडण्याची भाषा तीच राहते. बायबलमध्येही लाजर मेल्यावर त्याच्या कबरीपाशी येशू रडतो. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे माहीत असूनही रडतो. "विश्वास आहे ना, मग रडतोस कशाला" असं म्हणणाऱ्या माणसाला हा प्रसंग दाखवावा.

५ मे १९१८. बालकवी ठोंबरे जळगावजवळ भादलीला रेल्वेखाली गेले. टिळकांच्या घरात ते मुलासारखे वाढले होते. लक्ष्मीबाईंचा त्यांच्यावर फार जीव. त्याच साली इन्फ्लुएन्झा आला, देशात कोटीच्या वर माणसं गेली. आणि ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. बालकवींना जाऊन वर्ष आणि चार दिवस झाले होते.

लक्ष्मीबाई पन्नाशीच्या. ब्राह्मण विधवा असत्या तर पुढचं सगळं ठरलेलं होतं. आता त्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. केस काढायचे नव्हते, कोपऱ्यात बसायचं नव्हतं. पण श्राद्धही नव्हतं. आणि प्रोटेस्टंट असल्यामुळे नवऱ्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणं हेही नव्हतं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे टिळक जिथे असायला हवेत तिथे पोचलेले होते. त्यांना आता लक्ष्मीबाईंकडून काही नको होतं. संसारभर ज्या माणसाचं विसरलेलं सामान, वाटून टाकलेले पैसे, अर्धवट सोडलेली कामं निस्तरली, त्याला आता काहीच नको. कल्पना करा.

मग त्या भायखळ्याला आल्या. मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून. हेच ते दोन स्टेशनांवरचं भायखळं. नवरा गेलेली बाई, आणि अंगावर एकदम घरभर मुली. त्यांचं जेवण, आजारपण, भांडणं, रुसवे. पुढे मुलाबरोबर कराचीला गेल्या, मग नाशिकला परतल्या.

दरम्यान टिळकांचं चरित्र लिहायचं घाटत होतं. देवदत्त, म्हणजे दत्तू, आईच्या मागे लागले की तुझ्या आठवणी लिहून काढ. शाळा अशी लक्ष्मीबाईंनी पाहिलेलीच नव्हती, वाचायला नवऱ्यानं शिकवलेलं. त्यांनी लिहायला घेतलं आणि चरित्राला लागणाऱ्या चार आठवणींच्या जागी "स्मृतिचित्रे" झालं. १९३४ पासून ते भागाभागांनी पुस्तकरूपात आलं. म्हणजे मराठीतलं सगळ्यात हसवणारं आत्मचरित्र एका विधवेनं गेलेल्या नवऱ्याची आठवण म्हणून सुरू केलेलं आहे. आणि त्यात ती नवऱ्याला सोडत नाही. त्याचा राग, त्याचा हट्ट, तिला न विचारता घेतलेले निर्णय, सगळं मांडते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा नियम ती पाळत नाही. माझ्या दृष्टीनं तिच्या श्रद्धेचा सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. तो कुठेतरी सुखरूप आहे ह्याची तिला इतकी खात्री आहे की त्याच्याशी भांडण चालू ठेवायला ती घाबरत नाही.

पण अजून एक काम होतं, आणि आपल्या मुलाच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं तेच आहे.

टिळकांनी येशूचं चरित्र मराठी काव्यात लिहायला घेतलं होतं. "ख्रिस्तायन". नावावरूनच कळतं, नजर रामायणावर होती. मराठीत ह्याआधीही असं झालं होतं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सनी ओव्यांमध्ये लिहिलेलं "क्रिस्तपुराण" १६१६ मध्ये छापून आलं, आणि स्टीफन्स तर जन्मानं इंग्रज. टिळकांचं मात्र दहा-अकरा अध्यायांवर थांबलं. टिळकांच्या बाबतीत हे नवलाचं नव्हतं. ते थांबले आणि मग गेले.

लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहायला घेतलं.

म्हणजे बघा, नवऱ्यानं जिथे ओळ सोडली तिथे बसायचं, त्याच छापाचं पद्य करायचं, आणि ज्याच्यामुळे आपला संसार पाच वर्षं मोडला होता त्या येशूचीच गोष्ट सांगायची. १८९५ मध्ये हाच येशू तिच्या नवऱ्याला घेऊन गेला होता. आता ती त्याच्या जन्मापासून क्रुसापर्यंत, एकेक प्रसंग, रोज थोडा थोडा रचत होती. टिळकांसाठी प्रार्थना करायची परवानगी तिच्या धर्मात नव्हती. टिळकांचं काम पुरं करायला मनाई कुठेच नव्हती.

तिनं ६४ अध्याय लिहिले. दहा-अकरा त्याचे, ६४ तिचे. पुस्तकावर त्याचं नाव आधी येतं, ते ठीक आहे, पण हिशेब तुम्हीच करा.

तर मित्रा, काकूंना काय सांगायचं हे मी तुला शिकवणार नाही. काहीजण २ नोव्हेंबरला मेणबत्ती लावतात. काही वाड्यांत क्रॉसशी जमतात, आणि ते क्रॉसही आता सांभाळावे लागतात, कारण शहराच्या नकाशात त्यांतले कितीतरी बेकायदा बांधकाम ठरतात. काही घरांत मयताच्या रात्री टिळकांचं भजन म्हणतात. आणि तुझ्या आईचं एखादं अर्धवट राहिलेलं काम असेल. विणकाम असेल, कोणाला तरी द्यायचे पैसे असतील, रविवारच्या शाळेतली मुलं असतील, मला माहीत नाही. तुला माहीत असेल.

लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ ला गेल्या. "ख्रिस्तायन" तेव्हाही पुरं झालेलं नव्हतं, शेवट राहिला होता. शहात्तरावा अध्याय दत्तूनं लिहिला, आणि १९३८ मध्ये पुस्तक बाहेर आलं.